‘जात’ खोडली, धंदा लिहिला

माझं दुकान तहसील कार्यालयासमोर आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बारावीचे निकाल लागले की दोन महिने जेवायला फुरसत नसते, कारण तालुक्यातली सगळी पोरं जातीच्या दाखल्यासाठी आणि जात पडताळणीच्या कागदांसाठी माझ्या पायरीवर बसलेली असतात. कोतवाल बुकाची नक्कल, शाळेतला दाखल-खारीजचा उतारा, वंशावळ, शपथपत्र. अनुसूचित जातीचा असेल तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांतला असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या, ओबीसी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या. या तारखा मला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्क्या पाठ आहेत.

रविवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढून त्याच टेबलावर आम्ही सहा जण ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. काय करायचं ते तोंडानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट सांगणारा मी. फासा आमच्याकडे पहिली दोन वर्षं नव्हताच. गणेश मंडळाच्या हाउजीतल्या १ ते २० च्या सोंगट्या डालड्याच्या जुन्या डब्यात टाकून हलवायच्या आणि एक काढायची. काढलेली परत डब्यात गेली पाहिजे, हा नियम. एकदा कुणीतरी वीसची सोंगटी खिशात घालून घरी गेला आणि तीन रविवार कुणालाच वीस पडला नाही. आम्हाला वाटलं नशीब.

या खेळात प्रत्येकाचा एक कागद असतो. आपण गोष्टीत कोण आहोत, अंगात जोर किती, बुद्धी किती, जवळ सामान काय, सगळं त्यावर. तो कागद मी मराठीत टाइप केला आणि इंग्रजीत जिथे ‘रेस’ (म्हणजे वंश) होतं तिथे बेधडक ‘जात’ लिहिलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आपण कुत्र्याची जात म्हणतो, आंब्याची जात म्हणतो, तशी या खेळातल्या कल्पनेतल्या प्राण्यांची: एल्फची जात, ड्वार्फची जात, ऑर्कची जात. खेळाच्या २०१४ च्या नियमपुस्तकात या रकान्याला लागूनच गुण होते. हाफ-ऑर्क लिहिलं की जोर अधिक दोन, काटकपणा अधिक एक. हाय एल्फ लिहिलं की चपळाई अधिक दोन, बुद्धी अधिक एक. २०१६ च्या एका पुरवणी पुस्तकात तर पूर्ण ऑर्क खेळायला घेतला की बुद्धी वजा दोन. जन्माला आला तिथेच वजा दोन.

आमच्यात अंगणवाडी सेविकेची मुलगी आहे, बीएस्सीला. तिनं पहिल्याच दिवशी कागद हातात घेतला, वरून खाली वाचला आणि म्हणाली, “भाऊ, हा त दुकानातलाच फॉर्म झाला. जात लिहा अन् जातीपरमानं गुण घ्या.”

सगळे हसले. मीही हसलो. पण पुढच्या रविवारी तो रकाना भरायला सांगताना माझी जीभ अडखळली, हे खरं.

म्हणून २०२४ च्या सप्टेंबरात या खेळाच्या मुख्य पुस्तकाची नवी आवृत्ती आली आणि तिच्यावरून जगभरचे खेळाडू एकमेकांच्या झिंज्या उपटू लागले, तेव्हा मी ते भांडण जरा जास्तच लक्ष देऊन वाचलं. या खेळात नवी आवृत्ती आणि भांडण जोडीनंच येतात. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी खेळ काढला. २००० साली तिसरी आवृत्ती आली, २००८ साली चौथी. चौथी इतक्यांना आवडली नाही की पुढच्याच वर्षी जुने नियम घेऊन ‘पाथफाइंडर’ नावाचा वेगळा खेळ उभा राहिला आणि चालला. २०१४ ची पाचवी आवृत्ती लोकांनी डोक्यावर घेतली. २०२४ च्या पुस्तकाला खेळ छापणाऱ्या कंपनीनं सहावी म्हणायचं टाळलं, जुन्याशी जुळतं असं सांगितलं. झालं. काही म्हणाले, एवढंच बदलायचं होतं तर परत पैसे कशाचे? काही म्हणाले, एवढं बदललं तर जुळतं कसलं? हत्यारांना नवी कौशल्यं दिली, मंत्र इकडचे तिकडे केले, त्यावरही पानंच्या पानं वाद. त्यात मला रस नाही. तलवारीनं समोरचा पडतो की ढकलला जातो, यानं आमच्या गावात कुणाची झोप उडत नाही.

माझा रस त्या एका रकान्यात. नव्या पुस्तकात ‘रेस’ हा शब्द गेला आणि ‘स्पीशीज’, म्हणजे प्रजाती, आला. एवढंच नाही, जन्माबरोबर मिळणारे जोर-बुद्धीचे गुणही तिथून काढले. ही सुरुवात आधीची आहे. २०२० मध्ये हे गुण हवे तिथे हलवायची मुभा आली, ऑर्कची वजा दोन बुद्धीही तेव्हाच पुसली. पण मुख्य पुस्तकात जन्माचा आणि बुद्धीचा संबंध तोडला गेला तो २०२४ मध्ये. यावर जुन्या खेळाडूंमधला मोठा गट खवळला. त्यांचं म्हणणं असं की ऑर्क हा काही माणूस नाही, कल्पनेतला प्राणी आहे. त्याच्यात आणि एल्फमध्ये फरक नसेल तर दोन वेगळे प्राणी कशाला? कुणाच्या तरी भावना दुखावतात म्हणून खेळ मिळमिळीत करायचा का?

या म्हणण्यातलं अर्धं मला पटतं. फरक हवेतच. ड्वार्फला विष कमी चढतं, ड्रॅगनबॉर्नच्या तोंडातून आग निघते, ऑर्कला अंधारात दिसतं. हे नव्या पुस्तकातही आहे आणि राहावं. वाघाला पट्टे असतात, ताडोब्यात जाऊन त्यावर कुणी आक्षेप घेत नाही. पण अंधारात दिसणं वेगळं आणि अक्कल किती हे जन्मावरून ठरणं वेगळं. पहिली गोष्ट शरीराची. दुसरी गोष्ट आमच्याकडे माणसांबद्दलच बोलली गेली, पिढ्यान्‌पिढ्या, कल्पनेतल्या प्राण्यांबद्दल कधीच नाही. ‘त्यांच्यात शिक्षण चालत नाही’, ‘यांच्या रक्तातच व्यवहार’, ‘अंगमेहनतीचं काम त्यांनाच जमतं’. ही वाक्यं मी दुकानात खुर्चीवर बसून ऐकली आहेत, बोलणाऱ्याच्या हातात स्वतःचा दाखला असताना. त्यामुळे तो आकडा पुसला याचं मला काडीचंही दुःख नाही. ज्यांना आहे त्यांनी एकदा तो रकाना मराठीत मोठ्यानं वाचून पाहावा.

इथवर मी नव्या आवृत्तीच्या बाजूचा होतो. मग दिवाळी आली.

आमच्यातला एक जण पुण्याला नोकरीला आहे. तो सुटीत ते नवं पुस्तक घेऊन आला. जाडजूड, ३८४ पानं, गुळगुळीत कागद. अमेरिकेतली छापील किंमत पन्नास डॉलर, म्हणजे तेव्हा चार हजारांच्या वर. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. म्हणजे अर्ध्या क्विंटलहून जास्त कापूस, एका पुस्तकाला, तेही हमीभाव मिळाला तर. आम्ही हात धुऊन पानं उलटत होतो.

जन्माचे गुण काढले, पण ते गेले कुठे? ते गेले ‘बॅकग्राउंड’ या रकान्यात. म्हणजे साहसाला निघण्याआधी हा माणूस काय करत होता. पुस्तकात असे सोळा पर्याय आहेत: पुजारी, कारागीर, गुन्हेगार, शेतकरी, पहारेकरी, व्यापारी, सरदार, पंडित, खलाशी, लेखनिक, सैनिक वगैरे. आमच्यातल्या वायरमननं मोजले आणि म्हणाला, “बारा बलुतेदार अन् वर चार.” प्रत्येक पर्यायापुढे तीन गुण छापलेले. त्या तिनांतल्या एकाला दोन आणि दुसऱ्याला एक वाढवा, नाहीतर तिघांना एकेक. त्या तिनांच्या बाहेर जायचं नाही.

आमच्यात एक शेतकरी आहे. खरा. चार एकर कोरडवाहू, बीएड झालेलं, शिक्षक भरतीची वाट पाहतो आणि तोवर कपाशी-तूर करतो. त्याला नव्या गोष्टीत जादूगार व्हायचं होतं. आधी काय करत होता? शेती. त्यानं स्वतःच पान काढलं आणि आधी सामानाची यादी वाचली. विळा, सुताराची हत्यारं, मलमपट्टीची पिशवी, लोखंडी भांडं, फावडं, अंगावरचे कपडे आणि ३० सोन्याच्या मुद्रा. तीस मुद्रा ऐकून टेबल दणाणलं. सरदाराच्या पानावर पाहिलं तर २९. शेतकऱ्याकडे सरदारापेक्षा एक मुद्रा जास्त! “हे लिवणाऱ्यानं पीककर्ज पाह्यलं नाही वाटते,” तो म्हणाला.

मग त्यानं गुण वाचले. जोर, काटकपणा, शहाणपण.

या खेळात शहाणपण म्हणजे नजर, अंदाज, जनावरांची पारख. बुद्धी वेगळी: वाचन, स्मरण, तर्क. जादूगाराची सगळी जादू बुद्धीवर चालते. पंडिताच्या यादीत बुद्धी आहे, लेखनिकाच्या आहे, व्यापाऱ्याच्या आहे, सरदाराच्याही आहे. शेतकऱ्याच्या नाही. त्यानं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. “मंग काय, शेतकऱ्याच्या पोट्ट्याले डोकं वाढवता येत नाही का?”

मी हिशेब करून दाखवला. सुरुवातीला गुण वाटून घेताना बुद्धी जास्तीत जास्त पंधरा घेता येते. पंडित ती सतरावर नेतो, शेतकरी पंधरावरच राहतो. फाशावर फरक पडतो फक्त एकचा. वीस बाजूंवर एक, म्हणजे शंभरात पाच वेळा. नगण्य. मी असं म्हणालो खरा, आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं की मी कुणाला सांगतोय. एका गुणानं भरतीच्या यादीबाहेर राहिलेल्या माणसाला मी एकचा फरक नगण्य आहे म्हणून समजावत होतो.

तेव्हापासून माझं या आवृत्तीबद्दलचं मत वेगळं आहे, आणि ते दोन्ही गटांत बसत नाही. तिकडच्या लोकांना जन्म काढून धंदा घातला की प्रश्न सुटला असं वाटलं. त्यांच्याकडे कदाचित सुटतही असेल. तिथे शेतकरी म्हणजे शेती करणारा माणूस, उद्या दुकान टाकलं की दुकानदार. आपल्याकडे सुतार, लोहार, तेली, कुंभार, धोबी हे धंदे आहेत की जाती, हे माझ्या दुकानात येऊन सांगा. मी रोज तेच शब्द ‘जात’ या रकान्यात टाइप करतो. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलंय. आमच्या टेबलावर हा खेळ ‘जात’ या दारातून बाहेर गेला आणि ‘धंदा’ या दारातून परत आत आला. घर तेच.

पुस्तकाची बाजूही सांगितली पाहिजे. रचनाकारांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. नव्या माणसाला झटपट पात्र तयार करता यावं, शेतात राबलेला माणूस काटक असावा, एवढाच साधा विचार असणार. शिवाय गोष्ट सांगणाऱ्यासाठीच्या पुढच्या पुस्तकात नवी बॅकग्राउंड कशी बनवायची तेही दिलंय, म्हणजे मी मनात आणलं तर ‘बीएड झालेला शेतकरी’ असा सतरावा पर्याय काढू शकतो. पण फॉर्म भरणारा माणूस म्हणून मला यातली गोम ठाऊक आहे. प्रत्येक ऑनलाइन फॉर्मच्या यादीत शेवटी ‘इतर’ असतं. ते निवडता येतं. निवडलं की खाली नवी चौकट उघडते, तीन कागद जास्त लागतात, आणि पुढे टेबलावरचा साहेब विचारतो, इतर म्हणजे काय? माणसं ‘इतर’ला भितात. जे छापलेलं असतं तेच खरं होत जातं. म्हणून काय छापलं जातं यावर भांडलं पाहिजे. ‘बदलता येतं की’ हे उत्तर मला पुरत नाही.

दुसरी तक्रार त्याहून लहान आहे, पण मनाला लागली. जुन्या पुस्तकात हाफ-एल्फ होता: आई एक, बाप दुसरा. त्याला दोन गुण छापील मिळायचे आणि शिवाय दोन गुण स्वतःच्या मर्जीनं वाढवता यायचे. बाकी जवळजवळ सगळ्यांचं जन्मावरून ठरायचं, याला थोडी निवड होती. बीएस्सीवाली मुलगी तीन वर्षं हाफ-एल्फ खेळतेय. तिच्या आईवडिलांचं लग्न आंतरजातीय, आणि ते गावात कसं झालं, किती वर्षं आजोळी जाता आलं नाही, हे तिनं खेळता खेळता तुकड्यातुकड्यांनी सांगितलंय. नव्या पुस्तकात हाफ-एल्फ नाही, हाफ-ऑर्क नाही. ‘अर्धा’ म्हणणं अपमानाचं आहे, असा त्यामागचा एक विचार. विचार बरोबर आहे. पण अर्धा म्हणू नये म्हणून त्या माणसालाच यादीतून काढायचं? जुनं पात्र नव्या नियमांत चालवून घ्या, अशी सोय आहे म्हणे. म्हणजे परत ‘इतर’.

तिला मी विचारलं, तर तिनं खांदे उडवले. “माह्या दाखल्यावरबी एकच लिवते ना भाऊ. बापाची.”

मग आम्ही काय केलं? तेच, जे आमची आजी अष्टा-चंगात करायची. शेणानं सारवलेल्या अंगणात खडूनं पट आखायचा, चिंचोके फोडून दगडावर घासायचे, चार पडले तर चंग, आठ पडले तर अष्टा, आणि दोन्हींना परत डाव. पण एकही सोंगटी मारली नसेल तर आतल्या घरात जायचं की नाही? आजीच्या माहेरी नाही, सासरी हो. तिनं माहेरचा नियम सासरच्या अंगणात चालवला आणि कुणाची परवानगी मागितली नाही. ज्यानं पट आखला त्याचा नियम.

या खेळात मात्र पट कंपनीचा आहे, आणि म्हणून नियमांपेक्षा मालकीची भांडणं मला महत्त्वाची वाटतात. २०२३ च्या जानेवारीत कंपनीनं खेळाचे नियम इतरांनाही वापरू देणारा २००० सालापासूनचा खुला परवाना आवळायचा घाट घातला. त्याच परवान्यावर शेकडो लहान प्रकाशक जगत होते. खेळाडूंनी इतकी बोंब ठोकली की महिना संपायच्या आत पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा चारशे पानांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सखाली कायमचा मोकळा झाला. श्रेय द्या आणि वापरा, बदला, छापा. पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये, नव्या पुस्तकाच्या तोंडावर, लोकांच्या ऑनलाइन कागदांतले जुने मंत्र आपोआप नव्यांनी बदलले जाणार असं कंपनीनं जाहीर केलं, आणि आरडाओरडा होताच काही दिवसांत माघार घेतली. ‘जात’ काढली म्हणून रडणाऱ्यांशी माझं जमत नाही, पण या दोन्ही वेळी ओरडणाऱ्यांत तीच मंडळी पुढे होती. त्यांनी ओरडून जे मिळवलं त्यावर आमचं टेबल चालतं. हे ऋण मान्य न करणं कोतेपणा होईल.

२०२५ च्या एप्रिलमध्ये नव्या आवृत्तीचाही मूळ मजकूर तसाच मोकळा झाला. मी तो उतरवून घेतला आणि आधी बॅकग्राउंडचं पान उघडलं. सोळांपैकी चारच दिलेत: पुजारी, गुन्हेगार, पंडित, सैनिक. शेतकरी त्यात नाही. तो पन्नास डॉलरच्या पुस्तकात. शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “बरं झालं. आता आपुन आपला लिवू.”

तर आता लिहितोय. आमच्या नियमात धंद्याला कौशल्य मिळतं, सामान मिळतं, गुण मिळत नाहीत. गुण तीन, हवे तिथे घाला. शेतकऱ्याचा जादूगार सतरा बुद्धीचा आहे. बीएस्सीवालीच्या कागदावर आईच्या आणि बापाच्या दोन्ही खुणा आहेत, दोन्हींतलं एकेक वैशिष्ट्य. अडला तो शब्द. ‘जात’च्या जागी काय? शाळेतल्या पुस्तकासारखं ‘प्रजाती’ वायरमनला आवडलं नाही, म्हणाला सापाची वाटते. शेतकऱ्यानं ‘वाण’ सुचवलं. ऐकायला गोड, पण वाण म्हणजे पाकिटावर छापलंय तसंच उगवलं पाहिजे, आणि वाण म्हटलं की बोगस बियाणंही आलं. वंश नको, वर्ण तर नकोच. कूळ म्हणावं तर एकीकडे कसेल त्याची जमीन आणि दुसरीकडे शहाण्णव कुळं. जन्म सांगणारा एकही शब्द मराठीत हात न भरता उचलता येत नाही. शेवटी रकान्यात नुसतं ‘कोण’ लिहिलं. त्याच्याखाली ‘आधी काय करत होता’. त्याच्याखाली ‘आता काय व्हायचंय’.

मागच्या मंगळवारी त्याच्या दहा प्रती काढून काउंटरवर ठेवल्या होत्या. पीक विम्याची पावती न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी त्यातली एक उचलली, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरली आणि तिन्ही रकाने बोट ठेवून वाचले.

“कोन्या योजनेचा फारम होय हा?”

“योजनेचा नाही काका. खेळाचा आहे.”

त्यांनी परत खालचा रकाना पाहिला. “सातबारा लागते का याले?”

“नाही लागत.”

“मंग दे एक,” ते म्हणाले आणि खिशात पेन शोधू लागले.